तीन प्रती, तीन गावं

मागच्या रविवारी घरच्या फोटोंसाठी तीन जुन्या मशीन्सवर 'गॅराज' हे ओपन सोर्स ऑब्जेक्ट स्टोरेज टाकलं. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ते वेगवेगळ्या झोनमध्ये ठेवतं. वाटलं, अरे, हे तर आमच्या जालना जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थांच्या शिष्यांनी केलंच होतं! दासबोधाच्या नकला मठामठांत होत राहिल्या. म्हणून तर १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढणाऱ्या शंकरराव देवांना गावोगावच्या मठांतून बाडं जमवता आली. आज ती तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

नकलांत पाठभेद शिरले, हे खरं. गॅराज निदान हॅश ताडून बघतं. पण माझी तिन्ही मशीन्स पुण्यात एकाच खोलीत! आग लागली तर? दिवाळीत एक जालन्याला आईकडे नेतोय.