जळजळ, जावळ आणि आत्रेयांचा नकार

‘छातीत जळजळतंय? मग बाळाला जावळ दाट असणार!’ तळेगाव दाभाडे येथील गर्भवतीला हे भाकीत आजही कोणीतरी आजी हमखास ऐकवते. गावाचा इतिहास सांगताना आपण सेनापती खंडेराव आणि उमाबाई दाभाडे यांच्यापाशी थांबतो. माजघरातल्या या वाक्याला मात्र त्यांच्याहून कितीतरी जुना इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या येते. सातव्या महिन्यापाशी ग्रंथकार थबकतो आणि एक लोकमत नोंदवतो: गर्भाचे केस उगवू लागले की मातेला विदाह होतो, असे स्त्रिया म्हणतात. लगेच पुढे भगवान आत्रेयांचा नकार येतो. कारण केस नव्हे. वाढत्या गर्भाच्या दाबाने वात, पित्त व कफ उरापर्यंत पोहोचतात आणि तिथे दाह करतात.

शास्त्रग्रंथात ‘स्त्रिया असे म्हणतात’ हे शब्द येणे मला फार मोलाचे वाटते. खोडून काढण्यासाठी का होईना, त्यांचे म्हणणे टिकले.

हा विदाह म्हणजे हुबेहूब आजची ॲसिडिटी, असे मात्र समजू नये. त्यातून पुढे खाज सुटते आणि खाजेतून किक्किस, म्हणजे त्वचेवरचे व्रण, उद्भवतात, अशी साखळी तिथे जोडलेली आहे. आजचे वैद्यक ती मानणार नाही. तरी दाबाचा मुद्दा लक्षणीय आहे. आज डॉक्टर दोन कारणे सांगतात: प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलावते, आणि वाढते गर्भाशय जठरावर दाब देते.

उपचार साधा आहे. मधुर औषधींनी सिद्ध केलेले, साधारण तोळाभर लोणी बोरांच्या काढ्याबरोबर अधूनमधून द्यावे. आहार मधुर व थोडा. त्यात स्निग्ध पदार्थ आणि मीठ कमी, वर पाणीही बेताचेच. थोडे थोडे खा, तेलकट टाळा, हा आजचा सल्ला याहून फार दूर नाही. आणि चिंच-कैरीचे डोहाळे? त्याच शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात मुभा आहे: इच्छा तीव्र असेल तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थात मिसळून द्यावा.

आता 2006. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच समजूत 64 गर्भवतींवर तपासली. ती खोटी ठरेल अशीच त्यांची अपेक्षा होती. मध्यम वा तीव्र जळजळ झालेल्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सरासरीइतके किंवा अधिक केस निघाले. जळजळ मुळीच न झालेल्या 12 जणींपैकी 10 जणींच्या बाळांना सरासरीहून कमी. गर्भावस्थेतील संप्रेरके झडपही सैलावत असतील आणि केसांची वाढही घडवत असतील, असा त्यांचा तर्क आहे. केसांमुळे जळजळ होत नाही, हा आत्रेयांचा नकार त्यामुळे अबाधित राहतो. पण बायकांचे निरीक्षणही, निदान त्या 64 जणींपुरते, चुकलेले नव्हते.