अँबिसॉनिक ध्वनीचे हेडफोनसाठी वैयक्तिक विसंकेतन

एका बिंदूपाशी सर्व दिशांनी येणाऱ्या ध्वनीचे अँबिसॉनिक मुद्रण ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानांच्या मापांनुसार हेडफोनच्या दोन वाहिन्यांत उतरवण्याची प्रक्रिया. मुद्रण सर्वांसाठी एकच असते. ते ज्या कानांतून ऐकायचे, ते मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात. हा वेगळेपणा शेवटच्या टप्प्यावर हिशेबात घेतला, तरच मुद्रणातील दिशा ऐकणाऱ्याला विश्वासार्हपणे कळतात.

पार्श्वभूमी : ऑक्सफर्ड येथील गणिती मायकेल गर्झन (१९४५–९६) आणि रेडिंग विद्यापीठातील पीटर फेलगेट यांनी १९७० च्या दशकात अँबिसॉनिक पद्धती विकसित केली. गर्झन व पीटर क्रेव्हन यांनी चतुष्फलकाच्या चार बाजूंना चार ध्वनिग्राहक बसवलेल्या साउंडफील्ड मायक्रोफोनची रचना केली. पहिल्या कोटीच्या (ऑर्डरच्या) मुद्रणात चार वाहिन्या असतात : एक सर्व दिशांचा एकत्रित दाब नोंदवते, उरलेल्या तीन पुढे-मागे, डावे-उजवे व वर-खाली या अक्षांवरील. कोटी ‘न’ असल्यास (न+१)² वाहिन्या लागतात. म्हणजे तिसऱ्या कोटीला १६, सातव्या कोटीला ६४. वाहिन्या ठरावीक स्पीकरांशी बांधलेल्या नसतात. त्यामुळे तेच मुद्रण सभागृहात, घरात किंवा हेडफोनवर ऐकवता येते.

कानांची मापे : बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानाला जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतो. डावे-उजवे त्यावरून कळते. नेमका पुढचा, मागचा किंवा डोक्यावरचा ध्वनी मात्र दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच पोहोचतो. तेथे कानाच्या पाळीच्या वळ्यांचा उपयोग होतो. मुख्यतः ५,००० हर्ट्झच्या आसपास व त्यावरील काही कंप्रता या वळ्या दिशेनुसार दाबतात किंवा उठवतात. डोके, खांदे व पाळी यांच्या या एकत्रित परिणामाचे दिशावार कोष्टक म्हणजे एचआरटीएफ.

ते तीन प्रकारे मिळते : कर्णनलिकेच्या तोंडाशी सूक्ष्म मायक्रोफोन ठेवून प्रतिध्वनिरहित कक्षात केलेले मापन, कानाच्या त्रिमितीय प्रतिमेवरून संगणकाने केलेले गणन, किंवा उपलब्ध संग्रहातून सर्वांत जुळणाऱ्या व्यक्तीची निवड. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील सिपिक संग्रहात (२००१) ४५ व्यक्तींची प्रत्येकी १,२५० दिशांची मापे आहेत. अशा मापांच्या देवाणघेवाणीसाठी सोफा हे फाइलरूप २०१५ मध्ये प्रमाणित झाले. २०२२ मध्ये ॲपलने आयफोनच्या कॅमेऱ्याने कान टिपून वैयक्तिक ध्वनिचित्र घडवण्याची सोय दिली. श्रवणालेख ही वेगळी नोंद आहे : किती मंद आवाज ऐकू येतो ते तो सांगतो, दिशा कशी कळते ते नाही.

विसंकेतन : जुन्या पद्धतीत डोक्याभोवती आभासी स्पीकर कल्पून प्रत्येकाचा ध्वनी त्या दिशेच्या एचआरटीएफमधून नेतात. दुसऱ्या पद्धतीत एचआरटीएफच अँबिसॉनिक घटकांत मांडतात. मग प्रत्येक वाहिनीला प्रत्येक कानासाठी एक फिल्टर पुरतो, तिसऱ्या कोटीला ३२. अडचण अशी, की डोक्याएवढ्या जागेत पहिली कोटी सुमारे ६०० हर्ट्झपर्यंतच ध्वनिक्षेत्र अचूक उभे करते, तिसरी सुमारे १,९०० पर्यंत. पाळीच्या खुणा याच्या बऱ्याच वर असतात. ग्राझ येथील शोर्कह्युबर, त्साउनशिर्म व होल्ड्रिख यांनी २०१८ मध्ये मांडलेली मॅग-एलएस पद्धती वरच्या कंप्रतांत कलेचा (फेजचा) आग्रह सोडून केवळ तीव्रता जुळवते. कारण तेथे कान कलेतील सूक्ष्म फरकांपेक्षा तीव्रतेवर अधिक विसंबतो. त्यामुळे कमी कोटीतही ध्वनीचा पोत आणि वैयक्तिक मापांचा लाभ बऱ्याच अंशी टिकतो. आल्तो विद्यापीठाचा स्पार्टा हा मोफत संच सोफा फाइल घेऊन असे विसंकेतन करतो. श्रोत्याने मान वळवली, तर संपूर्ण ध्वनिक्षेत्र एका मॅट्रिक्सने उलट फिरवता येते.

रायगड किनाऱ्याचे उदाहरण : काशीदच्या वाळूवर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिल्यास लाटा समोर, सुरूची झाडे व अलिबाग–मुरूड रस्ता मागे आणि ब्राह्मणी घारीची हाक वर अशी ध्वनींची मांडणी होते. महत्त्वाच्या तिन्ही दिशा येथे पाळीवर अवलंबून असतात. परक्या कानांच्या मापाने ऐकल्यास समुद्र पाठीमागे गेल्यासारखा वाटू शकतो, घार खाली उतरते. डोक्याचा मागोवा घेणारा हेडफोन पुढचे-मागचे बरेच सुधारतो. उंचीसाठी वैयक्तिक माप अधिक मोलाचे ठरते. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोर धरतात आणि वाऱ्याचा खडखडाट चारही ग्राहकांत वेगवेगळा शिरून दिशा बिघडवतो. म्हणून केसाळ वारारोधक आणि पहाटेची वेळ श्रेयस्कर.

उपयोग व मर्यादा : आभासी वास्तव, चित्रपट, निसर्गध्वनींचे जतन व वास्तूंच्या ध्वनिगुणांची नोंद यांत ही पद्धती उपयोगी आहे. किनाऱ्यापासून आत, किल्ले रायगडाच्या राजसभेत नगारखान्यापाशी बोललेले सिंहासनाच्या जागी ऐकू येते, अशी ख्याती आहे. अशा जागेचा ध्वनिप्रतिसाद अँबिसॉनिक रूपात नोंदल्यास तो पुढे कोणालाही स्वतःच्या कानांनी तपासता येईल. मूळ मुद्रणात नसलेली सूक्ष्मता विसंकेतन निर्माण करू शकत नाही. हेडफोनच्या स्वतःच्या ध्वनिरंगाची दुरुस्तीही वेगळी करावी लागते. तथापि मूळ वाहिन्या जपल्या, तर आजचे मुद्रण उद्याच्या अधिक अचूक मापांनी पुन्हा विसंकेतित करता येते. म्हणून संग्रहात केवळ दोन वाहिन्यांची तयार प्रत नव्हे, तर अँबिसॉनिक मूळ प्रत ठेवणे आवश्यक आहे.