मूठ आणि मिठी

इंग्रजीत मूठ आवळण्याला ‘क्लेंच’ म्हणतात आणि बॉक्सिंगच्या रिंगणात समोरच्याला कवेत घेऊन त्याचे हात जखडण्याला ‘क्लिंच’. दोन्ही एकाच शब्दाची रूपं, मूळ अर्थ घट्ट धरणं. फळीतून आरपार गेलेल्या खिळ्याचं टोक सुतार पलीकडून ठोकून मुरडतो, म्हणजे खिळा उपसत नाही, तेही क्लिंच. सौदा पक्का झाला किंवा संघाने मालिका खिशात घातली, तरी इंग्रजी वार्ताहर हाच शब्द वापरतो. एवढ्या भरवशाच्या घराण्यातला शब्द, पण बॉक्सिंगमध्ये मुठीला टाळ्या मिळतात आणि मिठीला हुर्यो.

हुर्यो अगदीच अकारण नसते. पैसे मोजून आलेल्याला ठोसे पाहायचे असतात; दोन घामाघूम गडी गळ्यात गळा घालून उभे राहिले की तो चिडणारच. मग ठरलेला शेरा येतो: याला काय बॉक्सिंग म्हणायचं?

एकेकाळी यालाच म्हणायचे. जॅक ब्रॉटनने 1743 साली लंडनमध्ये लेखी नियम केले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरायला मनाई झाली. कमरेच्या वर धरा, आवळा, उचलून आपटा, हरकत नव्हती. ‘क्रॉस-बटक’ नावाचा एक डाव फार चाले, आपल्याकडच्या तालमीतल्या माणसाला तो पाहून ढाक आठवली असती. केस तर कमरेच्या कितीतरी वर! 1795 साली जॉन जॅक्सनने डॅनियल मेंडोझाचे लांब केस एका हातात धरले, दुसऱ्या हाताने त्याला बदडलं आणि लढत जिंकली. हाच जॅक्सन पुढे ‘जेंटलमन’ म्हणून ओळखला गेला आणि लॉर्ड बायरनला मुष्टियुद्धाचे धडे देऊ लागला.

त्या काळच्या बोलीत जवळच्या झटापटीला शब्दांची ददात नव्हती. माझा सगळ्यात आवडता ‘इन चॅन्सरी’. समोरच्याचं डोकं आपल्या डाव्या काखेत दाबायचं आणि उजव्या हाताने निवांत ठोसे हाणायचे, याला हे नाव. चॅन्सरी म्हणजे लंडनचं ते कोर्ट, जिथे इस्टेटीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळत. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधला दावा निकालात निघतो तो सगळी इस्टेट कोर्टखर्चात बुडाल्यावर. एकदा मान अडकली की आपल्या मर्जीने सुटका नाही, आणि अडकला आहात तोवर फटके चालूच. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

1867 मध्ये क्वीन्सबरी नियम आले. नाव मार्क्विसचं असलं, तरी ते लिहिले होते जॉन ग्रॅहम चेंबर्सने. दुसऱ्याच कलमात कुस्ती आणि ‘हगिंग’ या दोन्हींना बंदी. हा ‘हग’ आज आपण निरोप घेताना देतो त्या जातीचा समजू नका. ‘कॉर्निश हग’ ही कॉर्नवॉलच्या पैलवानांची नामांकित पकड होती. तरी जुनी रीत लगेच गेली नाही. 1889 मध्ये जॉन सुलिव्हन आणि जेक किल्रेन मिसिसिपीत उघड्या मुठींनी 75 फेऱ्या लढले, ते जुन्या नियमांनीच. त्यात कुणी खाली पडलं की फेरी संपे.

नव्या नियमांनी फेकाफेक गेली, पण जवळ येणं कोण थांबवणार? ‘इनफायटिंग’ हा शब्द मूळचा रिंगणातला, समोरच्याच्या हातांच्या टप्प्याच्या आत शिरून लढणं या अर्थाचा. मराठी वर्तमानपत्रं ज्याला ‘पक्षांतर्गत धुसफूस’ म्हणतात तो अर्थ त्याला पुढे चिकटला. आखूड हातांच्या बॉक्सरला दुसरा मार्गच नसतो. रॉबर्टो दुरानने 1980 मध्ये मॉन्ट्रियलला शुगर रे लेनर्डला हरवलं ते असंच, छातीला छाती भिडवून. त्याला कुणी मिठ्या मारणारा म्हटलं नाही.

आता ही झटापट जवळून पाहू. कपाळ समोरच्याच्या खांद्यापाशी रोवायचं, म्हणजे त्याला ठोशासाठी जागाच उरत नाही. कोपर त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवायचं. ज्याचं कोपर आत, त्याचा ठोसा आधी पोचतो. त्याचा एक हात काखेत दाबला, की आपला दुसरा हात बरगड्यांवर काम करायला मोकळा. पायाने थोडं वळायचं, की त्याची पाठ दोरांना लागते. शिवाय अंगाचा भार त्याच्यावर टाकायचा; तो पेलण्यात त्याच्या पायांतला जोर जातो. धरून मारणं नियमाने फाऊल, धरून ठेवणंही फाऊल. मात्र एखादा हात सुटा असून चालता असेल, तर जाणते पंच ‘ब्रेक’ म्हणायची घाई करत नाहीत.

30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. दोरांना रेलून मार खाण्याची त्याची युक्ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. फोरमन जवळ आला की अली त्याची मान खाली दाबून तिच्यावर आपला भार टाकत होता, हे फारसं कुणी सांगत नाही. जॅक जॉन्सन तर समोरच्याचे दंडच धरून ठेवायचा. 1908 मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला त्याने तसंच खेळवलं आणि चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली.

उलट बाजूही आहे. 2013 मध्ये मॉस्कोत व्लादिमिर क्लिच्कोने अलेक्झांडर पोवेत्किनला चार वेळा खाली पाडलं आणि तिन्ही पंचांकडून 119-104 अशी मोहोर मिळवली. पण उरलेला बहुतेक वेळ त्याने पोवेत्किनच्या मानेवर रेलून काढला. त्याला जे साधायचं होतं ते साधलं, म्हणून कौशल्य होतंच. पण ते समोरच्याचं बॉक्सिंग बंद पाडण्याचं. पंचाने वेळीच आवरलं असतं तर तो सामना पाहवला असता.

घोळ असा, की एका ‘क्लिंच’ शब्दाखाली दोन्ही गोष्टी येतात: लढण्यासाठी धरणं आणि लढू न देण्यासाठी धरणं. आपला ‘मुष्टियुद्ध’ हा शब्दही इथे मदतीला येत नाही. त्यात मुठीखेरीज काही नाही. धरपकडीला वेगळा शब्द ‘बाहुयुद्ध’, भीम आणि जरासंधाचं. पण पुराणांतही ही भिंत पक्की नाही. कंसाच्या आखाड्यात बलरामाने मारला तो मुष्टिक नावाने मुठीचा आणि पेशाने मल्ल.

मराठीकडे मात्र ‘कव’ आणि ‘मगरमिठी’ असे दोन तयार शब्द आहेत. एक हात चालता ठेवून धरलं तर कव, दोन्ही हात अडकवून नुसतं लटकलं तर मगरमिठी. क्रीडापान लिहिणाऱ्यांना विनंती, की सरसकट ‘मिठी मारली’ लिहिण्याऐवजी हे दोन शब्द वापरावेत.