तिळाचं तेल लवकर खवट का होत नाही?

'तेल' हा शब्द मुळात तिळाचाच आहे. संस्कृतात तीळ म्हणजे तिल, आणि तिलापासून निघालं ते तैल. पुढे करडई, शेंगदाणा, जवस, सगळ्यांच्याच रसाला आपण तेल म्हणू लागलो. हडप्पाच्या उत्खननात जळलेल्या तिळांचा गोळा सापडला होता. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडे तीळ होतेच.

जवसाचं तेल बाटली उघडल्यावर लवकर वास मारतं, तिळाचं मात्र बरेच महिने टिकतं, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. याचं कारण शोधायला शास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं लागली.

१८२० च्या सुमारास द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने अक्रोडाच्या तेलाचा थर पाण्यावर ठेवून तो किती हवा शोषतो ते मोजलं. आठ महिन्यांत तेलाने आपल्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट हवा घेतली. त्यानंतरच्या दहाच दिवसांत साठ पट! मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे चक्रवाढ व्याजासारखं वाटतं. तेलाचा एक कण प्राणवायूने बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. सुरुवातीला कळतही नाही, मग एकदम डबा खवट.

आपल्याकडे ज्या पदार्थाची चव किंवा वास बदलला तो 'चलित रस' म्हणून अभक्ष्य मानतात. पिठाचीही मर्यादा ठरलेली आहे: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्यामागचा विचार जीवहिंसा टाळण्याचा आहे, रसायनशास्त्राचा नाही. दोन्हींची गल्लत करू नये. पण नाकाने आणि जिभेने पारखण्याची सवय मात्र त्यातूनच आपल्याला लागली.

ही साखळी थांबवणारे पदार्थ बियांमध्येच असतात. १९२२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना दिसलं की ठरावीक आहारावर ठेवलेल्या उंदरांना पिल्लं होत नाहीत, आणि लेट्यूसची पानं किंवा गव्हाचे अंकुर दिले की होतात. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो घटक वेगळा काढला गेला. तेच आपलं ई जीवनसत्त्व. ते बिघाडाची साखळी स्वतःवर घेऊन तोडतं. तिळात त्याच्या जोडीला सेसमोलिन असतं, आणि तीळ भाजले की त्यातून सेसमोल तयार होतं. तेही हेच काम करतं. कलौंजीच्या तेलात थायमोक्विनोन असतं, त्यावरही प्रयोगशाळेत पुष्कळ काम झालं आहे.

१९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की माणसाचं म्हातारपणही अशाच बिघाडातून येत असावं. १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' ही कल्पना नीट मांडली. मग हिशेब सोपा वाटू लागला: बिघाड वाईट, तर तो थांबवणाऱ्या गोळ्या जितक्या जास्त तितकं बरं.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ चा निकाल असा की बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शरीर म्हणजे तेलाची बाटली नव्हे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच बिघडवणारे कण वापरतात. सगळेच दाबून टाकले तर कसं चालेल?

हे सगळं लिहायचं कारण सांगते. आमच्या भिशीतल्या एकीने मोबाइलवरचा मेसेज वाचून मधुमेहाची गोळी बंद करून रोज कलौंजीचं तेल घ्यायचं ठरवलं होतं. आम्ही तिला आधी डॉक्टरांकडे नेलं. तेल उंदरांवरच्या प्रयोगात चांगलं ठरलं, म्हणजे ते औषधाच्या जागी बसलं असं होत नाही.

तेलाने आपलं काम स्वयंपाकघरात करावं. जवसाचं तेल छोट्या गडद बाटलीत घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, तळायला वापरू नका. तिळाचं तेलही उजेडापासून आणि शेगडीच्या धगीपासून लांब ठेवा. तळणीचं उरलेलं तेल नव्या तेलात मिसळू नका, कारण बिघडलेली साखळी नव्या तेलातही सुरू होते. आणि वास आला की कितीही महाग असलं तरी जीव गुंतवू नका. तेवढं नुकसान खर्चाच्या बाजूला लिहून टाका, ते दवाखान्याच्या बिलापेक्षा नक्कीच कमी असतं.