पुन्हा सुरू होताना कोसळणारा प्रोग्रॅम

जळगाव-धुळ्याच्या शेती फीडरवर थ्री फेज लाइट ठरावीक तासच मिळते. रावेर-यावलच्या केळीला मे महिन्यात पाण्याची पाळी चुकलेली चालत नाही, म्हणून लाइट येताच मोटर चालू करणारा ‘ऑटो’ अनेक शेतांत असतो. त्यात मायक्रोकंट्रोलर असला, की आतला प्रोग्रॅम रोज नव्याने सुरू होतो. सुरू होतानाच तो कोसळत असेल, तर दोष शोधायचा कुठे?

आधी रीसेटचे कारण ठरवावे. वीज जाऊन आली असेल, व्होल्टेज मर्यादेखाली उतरले असेल, किंवा अडकलेल्या प्रोग्रॅमला वॉचडॉगने रीसेट केले असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. ‘अ‍ॅटमेगा ३२८पी’सारख्या चिपमध्ये कारणाची खूण एका रजिस्टरमध्ये उरते. ती सर्वांत आधी वाचून, जपून, मग पुसावी. नाहीतर जुन्या-नव्या खुणा एकत्र दिसतात आणि निदान चुकते. मुख्य प्रोग्रॅमच्या आधी चालणारे काही बूटलोडर ती आधीच पुसून टाकतात. याच चिपमध्ये वॉचडॉगच्या रीसेटनंतरही वॉचडॉग चालू राहतो, तोही सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंदांच्या मुदतीवर. सुरुवातीची तयारी त्याहून लांबली की पुन्हा रीसेट! मूळ चूक एकदाच घडते, कोसळणे मात्र थांबत नाही.

खानदेशात याहून अवघड प्रकार मोटरचा आहे. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. लाइट येताच एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज पडते, कंट्रोलर रीसेट होतो, जागा होऊन पुन्हा रिले ओढतो आणि पुन्हा पडतो. इथे प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ बरोबर असू शकते. तो स्वतःच्याच कृतीने कोसळतो. कार्यशाळेत मोटरऐवजी बल्ब जोडून तपासणाऱ्याला हा दोष कधीच सापडणार नाही. शेतावर शेजारच्या मोटरी उठत नसताना मोटरची केबल सोडवून पाहावे: तरीही रीसेट होत असेल, तर संशय रिले आणि कॉइलच्या झटक्यावर, थांबला, तर पडणाऱ्या व्होल्टेजवर.

मोठा कपॅसिटर लावून काही मिलिसेकंद मिळतील, पण मोटर वेग घेईपर्यंत तो पुरेलच असे नाही. काही सेकंद थांबून सुरू करणे चांगले, पण ऑटोच्या सर्व पेट्यांत तोच प्रोग्रॅम आणि तोच विलंब असेल तर सगळ्या मोटरी पुन्हा एकदमच उठतील. विलंब प्रत्येक पेटीचा वेगळा हवा. शिवाय मोटर सुरू करण्याच्या प्रयत्नांची मोजणी वीज गेली तरी टिकणाऱ्या ईईप्रॉममध्ये हवी, आणि ती रिले ओढण्याआधी पूर्ण लिहून झालेली हवी. व्होल्टेज पडत असताना लिहिलेला आकडा बिघडू शकतो. मोटर स्थिर चालल्यावरच मोजणी शून्य करावी.

मोठ्या संगणकांवरही प्रश्न तोच: आधीच्या धावेतले काय उरले? लिनक्सवर प्रोग्रॅमने ‘एक्झेक’ने स्वतःला बदलले, की जुनी मेमरी जाते, पण प्रोसेस क्रमांक, रोखलेले सिग्नल आणि बंद न केलेल्या फाइली राहतात. उघडा राहिलेला सॉकेट नव्या धावेला तोच पोर्ट घेऊ देत नाही. तिथे सेवा सुरू करणारा ‘सिस्टमडी’ मूळ मांडणीत १० सेकंदांत ५ वेळा सुरू झालेली सेवा पुढे सुरू करायचे नाकारते. शेतातल्या पेटीलाही अशी मर्यादा हवीच.

म्हणून ऑटो बनवणाऱ्यांना विनंती: शेवटच्या रीसेटचे कारण आणि लागोपाठ झालेल्या प्रयत्नांची संख्या पेटीच्या पडद्यावर दाखवा. रात्री बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मोटर तपासायची, डीपी, की पेटीच बदलायची, हे त्यावरून ठरवता येईल.