हेड गॅस्केट

हेड गॅस्केट : इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे सिलिंडर हेड यांच्या सांध्यातला पातळ, भोके पाडलेला पत्रा. सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब १५० बारच्याही वर जातो आणि तिथून काही मिलिमीटरवर कूलंट खेळत असते.

पूर्वी तांब्याच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस भरत. नंतर ग्रॅफाइटचे गॅस्केट आले. आता बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्यांचे थर असलेले ‘एमएलएस’ असते. सिलिंडरच्या तोंडाभोवती या पत्र्यांना उठाव असतो. बोल्ट आवळले की तो दबतो आणि हेड किंचित हलले तरी फट पडू देत नाही.

गॅस्केट आपणहून क्वचित जाते. त्याला घालवते ती उष्णता. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. कूलंट गळून किंवा पंखा बंद पडून गाडी तापली, की अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकडे होते आणि गॅस्केटची पकड सुटते.

रोव्हर कंपनीचे १९८८ मधले ‘के-सिरीज’ इंजिन गॅस्केट जाण्यासाठी गाजले. वजनाला हलके आणि चपळ, म्हणून लोटस एलिस या स्पोर्ट्स कारलाही तेच बसवले गेले. पण त्यात कूलंट बेताचेच. जराशी गळतीही महागात पडे. हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्या प्लॅस्टिकच्या होत्या. पुढे पोलादी खुंट्या आणि बहुथरी गॅस्केट आले.

गळती दिसत नसताना कूलंट घटणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल ही गॅस्केट गेल्याची लक्षणे. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नये. थंडीत जवळच्या फेऱ्यांमुळेही ती धरते. खात्रीसाठी मेकॅनिक कूलंटवरची हवा निळ्या रसायनातून ओढतो. ते पिवळे पडले, तर ज्वलनवायू आत शिरला आहे.

नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने बाक मोजतात आणि तो मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग करून हेड सपाट करतात. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने, बहुधा मधून कडेकडे, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळायचे. ताणले जाणारे बोल्ट नवेच घ्यायचे. गाडी का तापली, तेही आधी शोधावे लागते.

कूलंट ठरल्या मुदतीत बदलावे, नळाचे पाणी भरू नये. घाटात तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. तरीही उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.