संप मागे घेतल्यावर



विद्वानांच्या या व्यासपीठावर गेटसभेत बोलणाऱ्या माणसाला आपण उभे केलेत, याबद्दल आभारी आहे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा मी सांगणार तो इतिहास संपवाल्याच्या नजरेचा, हे आधीच कबूल करतो.

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक चमत्कारिक वस्तू उभी होती. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा प्रचंड सांगाडा, जहाजाच्या पोटासारखा. आपण आत शिरायचे, बसायचे आणि सुमारे चाळीस मिनिटे चहूबाजूंनी येणारे आवाज ऐकायचे. ती चित्रही नव्हती, पुतळाही नव्हे, नाटकही नव्हे. पण तिघांचेही थोडे थोडे तिच्यात होते. चित्रकार विवान सुंदरम् यांनी आशिष राजाध्यक्ष, ध्वनिकार डेव्हिड चॅपमन प्रभृतींच्या साह्याने ती उभारली होती. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ, ‘अयशस्वी कृतीचे अर्थ : उठाव १९४६’. विषय होता नाविकांच्या बंडाचा.

ते बंड सुरू झाले जेवणावरून. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या ठाण्यातील नाविकांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि कामही नाकारले. वरिष्ठांच्या शिवीगाळीने मने आधीच पेटली होती. ‘तलवार’ हे संदेशवहनाचे शिक्षण देणारे ठाणे. तिथली पोरे बिनतारी यंत्रावर बसणारी. म्हणून संपाची बातमी वाऱ्यासारखी जहाजाजहाजांवर गेली. हे बंड मुळात आवाजाने पसरले. ते आवाजातूनच सांगावे, ही कलावंताची कल्पना मला म्हणूनच फार योग्य वाटली.

दुसऱ्या दिवशी संपसमिती निवडली गेली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. डोलकाठ्यांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल असे तिन्ही बावटे एकत्र चढले. मागण्या पाहा : चांगले अन्न, गोऱ्या नाविकांइतके वेतन; पण त्याच यादीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे हेही होते. ज्याच्या ताटातली डाळ खराब आहे तो इंडोनेशियाचा विचार करतो! कामगाराला फक्त पोटाचेच कळते असे म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

२१ तारखेला कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला. ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की, आरमार नष्ट झाले तरी बेहत्तर, पण बंड मोडू. २२ तारखेला मुंबई बंद झाली. सुमारे तीन लाख कामगार बाहेर पडले. रस्त्यांवर गोळ्या चालल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच २२८ नागरिक ठार झाले. परळला कमल दोंदे पडल्या. नाविकांच्या संपासाठी गिरणगावाने हे रक्त दिले.

आणि २३ तारखेला संप मागे घेतला गेला. सरदार पटेलांनी सल्ला दिला; सैन्याची शिस्त मोडता कामा नये, असे त्यांचे मत होते. सूडाची कारवाई होणार नाही, असा दिलासा पुढाऱ्यांकडून मिळाला होता. आपण ब्रिटिशांपुढे नव्हे, हिंदुस्थानपुढे शरण जात आहोत, असे समितीने जाहीर केले. प्रत्यक्षात शेकडो नाविक बडतर्फ झाले. देश स्वतंत्र झाला. पण त्यांना ना हिंदुस्थानच्या आरमाराने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

त्या सांगाड्यात बसलो असता मला माझीच एक गोष्ट आठवली. १९९८ साली एका कारखान्यातला संप मी मागे घेतला. कोणावरही कारवाई होणार नाही, असे समोरच्यांनी लिहून दिले होते. अकरा माणसांना पुन्हा कधी गेटच्या आत घेतले नाही. त्यांतला एक अजून रस्त्यात भेटतो, चहा पाजतो, आणि त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. संप चालविणे सोपे नाही, पण तो मागे घेणे त्याहून जड. म्हणून पटेलांना दोष देणे मला सोपे वाटत नाही. तोफा समोर होत्या, पोरे विशीतली होती. परंतु सल्ला देणाऱ्याची जबाबदारी काम सुरू झाल्यावर संपत नाही, उलट तेथून सुरू होते. ती कोणी निभावली नाही, ही माझी तक्रार आहे.

विवान सुंदरम् २०२३ साली गेले. त्यांच्या जहाजातून बाहेर पडताना माझ्या शेजारच्या एका कॉलेजच्या मुलीने मला विचारले, “काका, यांचे पुढे काय झाले?” मी सांगितले, “घरी पाठवले.” ती म्हणाली, “आणि कोणी काहीच केले नाही?”

पुस्तकांत बहुधा हा प्रश्न विचारलेला आढळत नाही. तो त्या लोखंडी पोकळीने एका मुलीच्या तोंडून विचारवला. उत्तर मात्र मला देता आले नाही. आपणांपैकी कोणाला देता आले, तर सभेनंतर मला अवश्य भेटावे.